ब्लॅकबेरीचा पासवर्ड विसरलोय, आत टूलची सेटिंग अडकलीय (आणि आपल्याकडे हा फोन कुणी कुणी वापरला?)

पत्रेवाला

नमस्कार मंडळी. मी वाळूजचा. आमचं लहान प्रेस शॉप आहे, गाड्यांसाठी पत्र्याचे ब्रॅकेट, क्लॅम्प असले भाग काढतो. मदत हवी आहे म्हणून धागा काढतोय, पण विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो.

एका जुन्या गिऱ्हाइकाने बऱ्याच वर्षांपूर्वी बंद झालेल्या एका ब्रॅकेटची मागणी पुन्हा काढली आहे. जुन्या गाड्यांच्या सर्व्हिस पार्टसाठी हवेत. टूल (म्हणजे प्रेसमध्ये बसवायचा पत्रा कापायचा साचा) गोदामात आहे, ग्रीस लावून ठेवलेलं, चांगलं आहे. पण सेटिंगचा कागद कुठेच नाही. त्या टूलवर आमचे मिस्त्री बसायचे. ते चार वर्षांपूर्वी वारले. ते तोंडाने सांगायचे आणि मी फोनच्या मेमोत टिपून घ्यायचो: शट हाइट (प्रेस खाली आल्यावरची टूलची उंची) किती, पत्र्याची पट्टी किती रुंद, कुठल्या पंचाखाली केवढी शिम (उंची जुळवायची पातळ चकती). तो फोन म्हणजे २०१० साली घेतलेला ब्लॅकबेरी कर्व्ह ८५२०. परवा कपाटात सापडला, चार्ज केला, चालू झाला, आणि पासवर्ड मागितला.

पाच वेळा चुकलो. आता तो मला इंग्रजीत 'ब्लॅकबेरी' हा शब्द टाइप करायला सांगतोय. हे काय आहे? व्हायरस आहे का? पुढे जायची भीती वाटतेय.

हा फोन आम्ही मिरवायला घेतला नव्हता. आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाचं दुसऱ्या दिवशीचं शेड्यूल ईमेलने यायचं, तेही रात्री दहा-अकराला. ऑफिसात एक संगणक. लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त ट्यूब आणि पंखा. सकाळी साडेनऊला मुलगी येऊन संगणक लावायची तेव्हा कळायचं की तीनशेच्या जागी पाचशे नग हवे होते, आणि गाडी आठलाच निघून गेलेली असायची. त्यांची लाइन थांबली की डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचे पैसे कापल्याची चिठ्ठी, आमच्या नावावर. एका महिन्यात अशा तीन आल्या आणि त्या महिन्याचा सगळा नफा त्यात गेला. हा फोन घेतला आणि नंतर एकही आली नाही. रात्री खिडकीत ठेवलेल्या फोनचा लाल दिवा लुकलुकला की मी उठायचो, आकडा बघायचो, रात्रपाळीला फोन करायचो. सकाळी छोटा हत्ती पूर्ण भरून निघायचा.

अजून एक. आमच्या शेडमध्ये तेव्हा रेंज एक-दोन काड्या. बोलताना आवाज तुटायचा. पण मेल यायचाच. आज माझ्याकडे चांगला महाग फोन आहे, आणि त्याच शेडमध्ये मेल गोल गोल फिरत बसतो. हे कसं? जाणकारांनी सांगावं.

---

पैठणगेट

भाऊ, आधी थांबा. हात लावू नका.

व्हायरस नाही. या फोनला पासवर्डसाठी दहा संधी असतात. दहावी चुकली की तो आतलं सगळं स्वतःहून पुसतो. निम्म्या संधी संपल्या की तो शब्द टाइप करायला लावतो. खिशात चुकून बटणं दाबली जाऊन संधी संपू नयेत, यासाठी ती सोय आहे. तो शब्द टाइप केल्यावर पुढच्या वेळी तुम्ही घातलेली अक्षरं ठिपक्यांऐवजी उघडी दिसतील. म्हणजे काय टाइप होतंय ते नीट बघता येईल. तुमच्याकडे पाच संधी आहेत.

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, असे फोन मी शेकड्यांनी उघडलेत. तुम्हाला कुणी 'लॉक काढून देतो' म्हणालं तर देऊ नका. लॉक निघेल, पण पुसून निघेल. हा फोन बनवणाऱ्यांनी मागचं दार ठेवलेलं नाही. संगणकाला जोडून बॅकअप घ्यायलाही पासवर्ड लागतो. बॅटरी काढून घातली म्हणजे मोजणी पहिल्यापासून सुरू होते, असंही धरून चालू नका.

दुसरं, बॅटरी काढून काचेवर ठेवा आणि बोटाने फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर फुगलेली आहे, तिच्यावर फोन चालवू नका, दुसरी आणा. चार्जरची काळजी नको, ८५२० ला मायक्रो यूएसबीची पिन आहे, ती अजून कुठेही मिळते.

पासवर्ड काय असायचा ते घरात सगळ्यांना विचारा. तोवर फोन बाजूला ठेवा.

---

पत्रेवाला

फार उपकार झाले दादा. बाजूला ठेवला. बॅटरी फिरवून बघितली, फिरत नाही.

पासवर्ड आकड्यांचाच होता हे नक्की आठवतंय, चार आकडी. पहिल्या स्कूटरचा नंबर, ४५२७. तोच दोनदा घातला, चूक म्हणाला. मग बाकीचे तीन नंबर घातले.

---

टॉवरखालचा

रेंजच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. परभणी, जिंतूर, सेलू, हिंगोली या पट्ट्यात टॉवरची कामं बरीच वर्षं केली. डिझेल संपलं म्हणून रात्री जनरेटरपाशी जाऊन बसणाऱ्यांपैकी मी एक.

त्या काळचा साधा फोन मेल कसा आणायचा? दर दहा-पंधरा मिनिटांनी उठायचा, नेटवर्कला लागायचा, मेलच्या सर्व्हरला नाव-पासवर्ड सांगायचा, 'काही आलंय का' विचारायचा, आणि बहुतेक वेळा 'नाही' ऐकून परत यायचा. रोज शंभर हेलपाटे, त्यातले नव्वद रिकामे. बॅटरी त्यातच जायची. रेंज कमी असेल तर हेलपाटा अर्ध्यातच तुटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

ब्लॅकबेरीत हेलपाटे मारायचं काम फोनकडे नव्हतंच. ते कंपनीचे सर्व्हर करायचे. तुमच्या मेलबॉक्सवर त्यांची नजर. मेल आला की ते तो उचलणार, दाबून लहान करणार, सुरुवातीचा थोडासा भाग तुमच्या फोनच्या आठ अक्षरी पिनवर (प्रत्येक ब्लॅकबेरीचा स्वतःचा ओळख क्रमांक) ढकलणार. फोनचा डेटाचा धागा जोडलेलाच असायचा, पण तो त्यावर बोलत नसायचा, फक्त कान देऊन बसायचा. कान द्यायला वीज जवळजवळ लागत नाही. पुढचा मजकूर तुम्ही खाली सरकलात तरच यायचा. जोडलेली एक्सेल असेल तर ती सर्व्हरच उघडायचा आणि फोनवर दिसेल तेवढंच पाठवायचा. दोन मेगाबाइटची फाइल तुमच्या शेडपर्यंत कधी आलीच नाही, तिच्यातले आकडे तेवढे आले. एक काडी रेंजवर तेवढं सहज येतं. तुमच्या आजच्या फोनवर तोच मेल चित्रं, लोगो, सह्या, सगळा लवाजमा घेऊन येतो.

यात एक खाच होती तीही सांगतो. सर्व्हरकडून फोनकडे ढकलणं लगेच व्हायचं, पण काही मेलबॉक्समधून सर्व्हरला मेल उचलायलाच पंधरा मिनिटं लागायची. 'झटक्यात मेल' हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नव्हतं. शिवाय टू-जीवर तुम्ही बोलत असलात की डेटा थांबायचा. फोन ठेवला की मेल धडाधड यायचे, आठवत असेल.

मुळात हे यंत्र फोन म्हणून जन्मलंच नव्हतं. कॅनडातल्या वॉटर्लू गावच्या 'रिसर्च इन मोशन' कंपनीने आधी पेजर केले, दोन्ही बाजूंनी निरोप पाठवता येणारे. १९९९ मध्ये ब्लॅकबेरी नावाने जे पहिलं यंत्र आलं ते पेजरसारखंच दिसायचं, त्यावर ईमेल यायचे, बोलता यायचं नाही. पेजरचं नेटवर्क म्हणजे अगदी चिंचोळी वाट, त्यातून काय जाईल याचा विचार करून सगळं बांधलेलं. २००२ च्या ५८१० वर पहिल्यांदा बोलता येऊ लागलं, तेही कानात वायर घालून, कारण त्याला स्वतःचा माईक आणि स्पीकर नव्हता. वर्षभराने ते दोन्ही आत आले. भारतात २००४ मध्ये एअरटेलने आणला.

म्हणून मला वाटतं, हे यंत्र आपल्या भागासाठी कुणी बनवलं नव्हतं, पण बसलं आपल्यालाच. मुंबईत थ्री-जी आलं तेव्हा त्यांना दुसरे फोन सुचले. आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी दिवस एक काडीच होती.

खूण सांगतो, ही आमच्या कामाची होती. फोनच्या कोपऱ्यात इंग्रजीत 'एज' किंवा 'जीपीआरएस' लिहिलेलं यायचं. लहान लिपीत असेल तर बोलणं होईल, मेल येणार नाही. कॅपिटलमध्ये असेल तर मेल चालू. गिऱ्हाइकाची तक्रार आली की मी पहिला प्रश्न हाच विचारायचो: अक्षरं लहान आहेत की मोठी?

---

आडत_लातूर

मी थोडा वेगळा अनुभव सांगतो, राग नसावा.

आमची लातूरला आडत. सोयाबीन, तूर, हरभरा. २०११ ला मुलाने हट्टाने ब्लॅकबेरी घेतला, मीही पंधरा दिवस वापरला. आमच्या धंद्यात त्याचा उपयोग झाला नाही. सौद्याला आवाज लागतो. मिलवाला 'घेतो' म्हणाला, पण कसा म्हणाला, यावर मी भाव धरायचा की सोडायचा ते ठरवतो. ते लिहिलेल्यात कळत नाही. इंदूरचे, अकोल्याचे दर मेलने यायचे, पण तोवर फोनवर दहा जणांशी बोलून झालेलं असायचं.

बिल्टीसाठी (मालाच्या गाडीची पावती) मात्र उपयोग झाला. गाडी निघाली की बिल्टी स्कॅन करून पाठवायची, समोरच्याने फोनवर उघडून बघायची. पण त्यासाठी दर महिन्याला वेगळा प्लॅन भरायचा, हे मला पटलं नाही. तो प्लॅन भरला नाही तर मेल बंदच. मग मी नोकिया ई६३ घेतला. बटणं तशीच, मेलही यायचे. टॉवरखालचा यांनी सांगितलं तसंच झालं, संध्याकाळी पाचला बॅटरी संपायची. मी मेल बंद करून टाकला आणि फोन उत्तम चालला.

---

बियाणे_जालना

पत्रेवाले भाऊंची डेबिट नोट वाचली आणि मला माझा लाल दिवा आठवला. माझा अनुभव नोकरदाराचा आहे.

२००९ ते २०१३ मी एका बियाणे कंपनीत फील्डला होतो. भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी असा भाग. कंपनीने फोन दिला तेव्हा घरी पेढे आणले होते. मेअखेरीपासून जुलैपर्यंत आमचा सीझन. दिवसभर दुकानदार, शेतकरी, प्लॉट. रात्री नऊला घरी. आणि साडेदहाला दिवा. साहेबांना उद्याचा साठा आत्ता हवा. उत्तर दिलं की पुन्हा दिवा. उत्तर दिलं नाही की सकाळी पहिला प्रश्न, 'मेल पोचला होता ना?' पोचला होता हे त्यांना माहीतच असायचं. पूर्वी 'रेंज नव्हती' म्हणता यायचं, आणि आमच्या भागात ते खरंही असायचं. हा फोन रेंज जेमतेम असतानाही मेल आणायचा, हाच माझ्यासाठी त्रास झाला.

माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. तिला लाल रंग ओळखता येऊ लागला तो त्या दिव्यामुळे. 'बाबा, दिवा' म्हणून फोन आणून द्यायची. मी तेव्हा कौतुकाने सांगायचो सगळ्यांना. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

अमेरिकेत या फोनच्या सवयीला 'क्रॅकबेरी' असं नाव पडलं होतं, व्यसनाच्या अर्थाने. पण सवय आणि सक्ती यात फरक आहे. मला सवय लागली नव्हती. मला उत्तर द्यावं लागायचं.

पत्रेवाले भाऊ, तुम्ही स्वतः मालक होता. रात्री उठलात तर तुमचं नुकसान वाचलं. रात्रपाळीला जो तुमच्या फोनने उठून जादा दोनशे नगांना लागायचा, त्यालाही विचारून बघा.

---

पत्रेवाला

बियाणे_जालना भाऊ, तुमचं बोलणं लागलं, आणि खरं आहे. रात्रपाळीचे जादा तास आम्ही नियमाने मांडायचो, पण रात्री अकराला कुणाला 'चालेल का' असं विचारल्याचं मला आठवत नाही. मिस्त्रींनासुद्धा नाही. ते घरून यायचे, वाळूज गावातून, सायकलवर. मी यावर आजवर विचार केला नव्हता.

---

सीताफळ

मी बीडची, वय २३. सगळं वाचतेय, भारी वाटतंय. पण एक विचारू? व्हॉट्सॲपही असंच येतं ना, न मागता? मग यात वेगळं काय होतं?

---

टॉवरखालचा

बरोबर ओळखलंस. कल्पना तीच. आज तुझ्या फोनमध्ये गूगलचा किंवा ॲपलचा एकच धागा जोडलेला असतो आणि सगळ्या ॲपच्या सूचना त्यावरून येतात. ॲपलने ती सोय २००९ मध्ये दिली. ब्लॅकबेरीने हेच दहा वर्षं आधी फक्त मेलसाठी केलं होतं, आणि २००५ पासून बीबीएम या निरोपांच्या सोयीसाठी. फरक एवढा की सगळा माल एकाच कंपनीच्या गोदामातून जायचा. त्याचा फायदा वर सांगितला. तोटा २०११ च्या ऑक्टोबरात कळला.

कंपन्यांच्या मेलचं कुलूप तर असं होतं की किल्ली त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर. फोन बनवणारे म्हणायचे, आम्हालाही तो मेल वाचता येत नाही. यावरूनच २०१० मध्ये आपल्या सरकारने ३१ ऑगस्टची मुदत दिली होती, तपासासाठी वाट द्या नाहीतर सेवा बंद. नंतर मुदत वाढली.

---

तेरणाकाठ

ऑक्टोबर २०११ चं मी सांगतो. आम्ही धाराशिवचे, तेव्हाचं उस्मानाबाद.

माझी मोठी बहीण दुबईला असते, दाजींची नोकरी तिकडं. आयएसडी महाग. घरी संगणक नाही. तिनंच मला जुना ब्लॅकबेरी पाठवला, म्हणाली बीबीएमवर बोलू. पिन द्यायची, नंबर नाही. निरोप गेला की 'डी' उमटायचं, तिनं वाचला की 'आर'. मायला आमच्या वाचता येत नव्हतं, पण ते 'आर' तिला कळायचं. 'वाचलं गं तिनं' म्हणून शेजारी सांगून यायची.

त्याच सप्टेंबरच्या शेवटी सरकारनं दिवसाला शंभरच एसएमएसची मर्यादा घातली होती. कॉलेजातली सगळी पोरं म्हणायची, तुला काय, तुझ्याकडं बीबीएम हाय. आणि दोन आठवड्यांत, १० ऑक्टोबरला, बीबीएमच बंद पडलं. निरोप जायचा, 'डी' काही येत नव्हतं. मला वाटलं फोन बिघडला. बॅटरी काढली, घातली, ते घड्याळ फिरत बसलं दहा मिनिटं. तरी तेच. बहीण त्या महिन्यात बाळंत होणार होती, मनून मायचा जीव टांगणीला. 'कामून उत्तर दिना ती?' दिवसभर हेच. दुसऱ्या दिवशी मी एसटीडी बूथवरून फोन लावला तेव्हा कळलं, तिकडं पण सगळ्यांचं बंद हाय.

नंतर पेपरात वाचलं की इंग्लंडमध्ये स्लाउ गावी कंपनीचं केंद्र होतं, तिथला मुख्य स्विच बिघडला आणि युरोप, आखात, आफ्रिका, भारत सगळं ठप्प. पुढं अमेरिकेतही पसरलं. तीन दिवस. कुठलं स्लाउ आणि कुठं आमची तेरणा. भाची १९ तारखेला झाली, तोवर चालू झालं होतं. फोटो आला तो अर्धा उतरून थांबला आणि मग हळूहळू पूर्ण झाला, वरून खाली. आधी टोपडं दिसलं.

---

हिशोबी

नांदेडहून. मी सीए आहे, ब्लॅकबेरी बोल्ड आणि कर्व्ह मिळून सहा वर्षं वापरला. पत्रेवाले दादा, तुमच्या पासवर्डबद्दल मला एक सुचतंय, शेवटपर्यंत वाचा.

आधी माझी एक तक्रार, कारण वर कुणीच लिहिली नाही. मी वापरलेल्या फोनांना आपली अक्षरं येत नव्हती. माझ्या दोन्ही फोनवर मराठीत मेल आला की चौकोनच चौकोन. आमचे एक अशील लोह्याचे, वय झालेलं, सुंदर मराठीत लिहायचे. त्यांचा मेल मला सगळ्यात आधी पोचायचा आणि सगळ्यात शेवटी वाचता यायचा, ऑफिसात जाऊन संगणकावर. मग आम्ही सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागलो. 'उद्या' आणि 'उड्या' एकच. इतकी चांगली बटणं पुन्हा हाताला लागली नाहीत, आणि त्या बटणांवर मला माझी भाषा कधी लिहिता आली नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

बटणं मात्र खरंच चांगली होती. मी अंधारात, लाइट गेलेली असताना, न बघता पानभर लिहायचे. मेलच्या यादीत टी दाबलं की सगळ्यात वर, बी दाबलं की तळाला, यू दाबलं की पुढचा न वाचलेला, आर म्हणजे उत्तर. स्पेस दोनदा दाबली की पूर्णविराम आणि पुढचं अक्षर आपोआप कॅपिटल. जुलै आणि सप्टेंबरच्या मुदतींच्या दिवसांत चाळीस-चाळीस उत्तरं मी रिक्षात बसून दिलीत.

आता पासवर्ड. या फोनवर आकड्यांना वेगळी बटणं नव्हती, ते अक्षरांच्याच बटणांवर छापलेले. डब्ल्यूवर १, ईवर २, आरवर ३. खालच्या ओळीत एस, डी, एफ म्हणजे ४, ५, ६. त्याखाली झेड, एक्स, सी म्हणजे ७, ८, ९. आकडा हवा असेल तर आल्ट दाबावं लागायचं. पासवर्डच्या जागी फक्त ठिपके दिसायचे, त्यामुळे घाईत आल्ट न दाबता आकड्यांची बटणं दाबून पासवर्ड ठरवणारे खूप जण होते. मीही त्यातलीच. आपल्याला वाटायचं आपण आकडे घातले, फोनने घेतलेली असायची अक्षरं. रोज तसंच दाबत असल्यामुळे कधी कळायचंही नाही. इतक्या वर्षांनी तुम्ही फोन हातात घेतला, आकड्यांसाठी आल्ट लागतं हे आठवून नीट आल्ट दाबून ४५२७ घातलं, आणि फोन म्हणाला चूक.

४५२७ आल्ट न दाबता म्हणजे एस, डी, ई, झेड. सगळी लहान लिपीत. आता अक्षरं उघडी दिसणार आहेत तेव्हा सावकाश बघून घाला.

---

पैठणगेट

ताई, हे मला सुचायला हवं होतं. बरोबर आहे, माझ्याकडे अशी गिऱ्हाइकं आलेली आहेत.

पत्रेवाले भाऊ, घालताना बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या, आणि आधी 'ब्लॅकबेरी' हा शब्द घालावाच लागेल. उघडला तर पहिलं काम, मेमो कागदावर उतरवा. मेलच्या नादाला लागू नका. कंपनीने ४ जानेवारी २०२२ ला जुन्या फोनांच्या सेवा बंद केल्या, त्यामुळे मेल, बीबीएम काही चालणार नाही. आत जे साठवलंय तेवढं मात्र वाचता येईल.

---

आडत_लातूर

काय झालं ते कळवा भाऊ. जेवण करून पुन्हा बघतो.

---

सीताफळ

+१. मीपण जागी आहे.

---

पत्रेवाला

उघडला.

ताई, तुम्हाला काय म्हणू कळत नाही. एस, डी, ई, झेड. पहिल्याच फटक्यात. माझा अंगठा तिथे गेला तेव्हाच मला आठवलं की हेच होतं, आल्ट मी कधीच दाबत नव्हतो. घरात सगळे भोवती उभे होते.

कोपऱ्यात 'जीएसएम' लहान लिपीत आलंय. तारीख कुठलीतरी जुनीच दाखवतोय. मेमोत ६१ नोंदी निघाल्या, सगळ्या इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, ताई म्हणाल्या तशाच. हव्या त्या ब्रॅकेटची नोंद सापडली. जशी आहे तशी इथे मराठीत लिहितो:

'शट हाइट २३५. पट्टी ६२. मागच्या पंचाखाली अर्ध्याची शिम. स्ट्रिपर स्प्रिंग बदलला आहे, जुना लावू नये. पहिले तीन ठोके हाताने, तिसऱ्याला थांबून कड बघणे. कड चकाकली तर पुढे जाणे.'

शेवटची ओळ मिस्त्रींची आहे, शब्दाला शब्द. मी काहीतरी गडबडीत होतो आणि ते म्हणाले होते, एवढं लिहून घ्या, बाकीचं टूल सांगतं.

सगळ्या ६१ नोंदी रजिस्टरमध्ये उतरवायला मुलगी बसली आहे.

---

पत्रेवाला

(दोन दिवसांनी) आज टूल चढवलं. शट हाइट बरोबर बसली, पट्टी बरोबर. तिसऱ्या ठोक्याला थांबलो. एका बाजूला कड चकाकली, दुसऱ्या बाजूला थोडा बर (कापलेल्या कडेला राहणारा खरखरीत काठ) येत होता. इतकी वर्षं पडून डायची कड थोडी मेली असणार. मागची शिम अर्ध्याच्या जागी पॉइंट सातची केली, मग सातवा नग स्वच्छ निघाला. गेजमध्ये (माप तपासायच्या साच्यात) जातोय.

बियाणे_जालना भाऊ, शेड्यूल रात्रीच आलं होतं, साडेदहाला. मी सकाळी सात वाजता पाळी बदलताना मुलांना विचारलं, कोण थांबू शकेल. दोघं थांबले. गाडी दहाला निघाली, आठला नाही, आणि गिऱ्हाइकाला तसं आधीच कळवलं होतं.

त्या मेमोत एक ओळ वाढवली आहे: 'शिम ०.७, डायला धार लावेपर्यंत.' बटणांनीच घातली. आल्ट दाबून.